स्वभाव बदलू लागला तर: पहिल्या नोंदीपासून निदानापर्यंतची वाट

'स्वभावाला औषध नाही' हे वाक्य आमच्या घरात जवळजवळ तीन वर्षे कोणी ना कोणी उच्चारत होते, आणि त्याच तीन वर्षांत माझ्या पत्नीच्या मेंदूचा पुढचा भाग झिजत चालला होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षे शिक्षिका होती. वर्गातले एखादे मूल उपाशी आले आहे असे दिसले तर स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवणारी. २०१६ च्या दिवाळीनंतर तिच्यात बदल दिसू लागला तेव्हा ती ५१ वर्षांची होती. आम्ही आधी म्हटले की पाळी जाण्याचे वय आहे, मग म्हटले की शाळेच्या कामाचा ताण आहे, आणि शेवटी म्हटले की वय वाढले की माणसे हट्टी होतातच. सप्टेंबर २०१९ मध्ये मिरजेतील एका मेंदुविकारतज्ज्ञांनी निदान सांगितले: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानाजवळच्या भागांची झीज, आणि त्यातही वागणुकीवर आघात करणारा प्रकार.

हा आजार बरा होत नाही. परंतु माणसाचा स्वभाव बदलून टाकणारे दुसरे कित्येक आजार बरे होतात. थायरॉईडची कमतरता, बी-१२ ची कमतरता, रक्तातील सोडियम उतरणे, कवटीच्या आत साचलेले रक्त, मेंदूच्या आवरणावर हळूहळू वाढणारी कर्करोग नसलेली गाठ, हे सारे त्यांतलेच, आणि त्यांत गेलेला वेळ पुन्हा भरून काढता येत नाही. आम्हाला ज्या वाटेने तीन वर्षे लागली ती तीन-चार महिन्यांत पार करता आली असती. ती कशी, हे येथे क्रमाने लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. उपचारांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच राहतील. त्यांच्यापर्यंत योग्य माहितीसह आणि योग्य क्रमाने पोहोचावे कसे, एवढेच मी सांगू शकतो.

पायरी १ : बदल किती वेगाने झाला ते पाहा

पहिला प्रश्न वेगाचा आहे. बदल महिनोन्महिने हळूहळू होत आला असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढण्याइतका वेळ तुमच्याकडे आहे. बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कालपर्यंत बरे असलेले सत्तरीचे आजोबा आज रात्रभर कपड्यांच्या घड्या घालत-मोडत बसतात, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणतात, आणि सकाळी पुन्हा थोडे बरे वाटतात, या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तिच्यामागे बहुतेक वेळा शरीरातलेच काही बिघडलेले असते: लघवीच्या मार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, नुकतेच सुरू झालेले एखादे औषध, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये उतरलेले सोडियम. ते सर्वसाधारणपणे १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस जेवणाआधी अकारण भांडू लागला तर आधी साखर मोजा. ती ७० च्या खाली गेलेली असण्याची शक्यता असते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नका, गरज वाटल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा:

- वागण्यातील बदलाबरोबर ताप, असह्य डोकेदुखी किंवा मान आखडणे
- फीट येणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- गेल्या दोन-तीन महिन्यांत पडणे किंवा डोक्याला मार लागणे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना
- तरुण व्यक्तीला काही दिवसांत संशय, भास आणि झोप नाहीशी होणे सुरू होऊन तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली दिसणे
- स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा

यांतील तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरतो, उठून बसतो, चहा घेतो, आणि सारे निश्चिंत होतात. कवटीच्या आत मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत राहते आणि काही आठवड्यांनी माणूस सुस्त, चिडका किंवा गोंधळलेला दिसू लागतो, तेव्हा त्या पडण्याची आठवण कोणालाच होत नाही. चौथ्या मुद्द्यातील मेंदूची सूज शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येते. तिचा एक महत्त्वाचा प्रकार २००७ मध्ये वैद्यकशास्त्राने नीट ओळखला. त्यापूर्वी अशा कित्येक मुली वेड्या ठरवल्या गेल्या असतील. वेळेवर उपचार झाले तर यातले बहुसंख्य रुग्ण सुधारतात.

पायरी २ : मत लिहू नका, घडले ते लिहा

माझ्या पहिल्या वहीत 'आज पुन्हा चिडचिड', 'विचित्र वागली' अशीच वाक्ये होती, आणि त्यांचा डॉक्टरांना काहीही उपयोग झाला नाही. ती माझी मते होती. काय घडले ते त्यांत नव्हते. पुढे मुलीने वही हातात घेतली आणि नोंदी अशा होऊ लागल्या:

'१२ जून २०१८, सकाळी पावणेआठ. शेजारच्या काकांना जाऊन तीन दिवस झाले होते. आई काकूंना भेटायला गेली आणि त्यांची मोटारसायकल विकणार आहात का, असे तिने विचारले. मी घरी आल्यावर रागावले तर म्हणाली, त्यात काय झाले?'

'३ जुलै. अर्धा किलो गूळ दोन दिवसांत संपला. पूर्वी आई चहातसुद्धा साखर घेत नसे.'

'जुलै, पूर्ण महिना. रोज देवळापर्यंत पाच फेऱ्या, त्याच रस्त्याने, पावसातही. अडवले तर ढकलून जाते.'

'९ ऑगस्ट. किराणा दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलून पैसे न देता बाहेर आली. लपवण्याचा प्रयत्न नव्हता.'

प्रत्येक नोंदीत तारीख, प्रसंग, तिने काय केले किंवा काय म्हटले, आणि पूर्वी अशा प्रसंगी ती कशी वागली असती, या चार गोष्टी असाव्यात. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण डॉक्टर त्या माणसाला आज प्रथमच पाहत असतात. जन्मतःच फटकळ असलेल्या माणसाने फटकळ बोलणे आणि माझ्या पत्नीने तसे बोलणे यांतला फरक घरच्यांनाच ठाऊक असतो. सहा आठवड्यांच्या नोंदी पुरेशा होतात. बदल नेमका कधी सुरू झाला हे आठवत नसेल तर जुन्या फोटोंचा, लग्नकार्यांचा, शाळेच्या सुट्ट्यांचा आधार घ्या. आमच्याकडे पहिला बदल २०१६ च्या भाऊबीजेला दिसला होता, हे तिच्या भावाने सांगेपर्यंत मला जाणवलेच नव्हते.

पत्नीला झालेल्या या आजाराचे निदान करताना डॉक्टर २०११ मध्ये ठरलेले निकष वापरतात, आणि त्यांत सहा गोष्टी पाहिल्या जातात: जनाची-मनाची लाज सुटणे, कशातच उत्साह न उरणे, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव बोथट होणे, तेच ते वागणे पुन्हा पुन्हा करणे, खाण्याच्या सवयी बदलून विशेषतः गोडाची हाव सुटणे, आणि स्मरणशक्ती बऱ्यापैकी टिकून असतानाही कामाची आखणी न जमणे. यांतल्या तीन आढळल्या तरी संशय घेतला जातो. आमच्या वहीत पाच निघाल्या. वही नसती तर एकही निघाली नसती, कारण तपासणीच्या खोलीत ती अत्यंत नीट बसली होती.

येथेच सर्वांत मोठा सापळा आहे. बहुतेक लोकांच्या मनात मेंदूची झीज म्हणजे विसरणे एवढेच असते. माझ्या पत्नीला १९९८ च्या तुकडीतील मुलांची नावे हजेरीच्या क्रमाने पाठ होती, आणि म्हणून आम्ही सारे म्हणत होतो की डोके तर उत्तम चालते आहे, हिला मुद्दामच असे वागायचे आहे. पहिल्या डॉक्टरांनी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीत तिला ३० पैकी २८ गुण मिळाले आणि आम्हाला घरी पाठवण्यात आले. विसरणे नाही म्हणजे मेंदूचा आजार नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मान्य करू नका.

नातेवाइकांना हे पटवणे डॉक्टरांना पटवण्यापेक्षा अवघड जाते. मी त्यांना फिनिअस गेजची हकीकत सांगत असे. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात सप्टेंबर १८४८ मध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, परंतु जबाबदार आणि शांत म्हणून ओळखला जाणारा हा माणूस शिवराळ आणि लहरी झाला, आणि आपला गेज आता राहिला नाही असे त्याचे मित्र म्हणू लागले. पहारीने जे एका क्षणात केले ते आजार काही वर्षांत करू शकतो, एवढे माझ्या मेहुण्याला त्या गोष्टीमुळे समजले.

पायरी ३ : औषधांची सगळी पिशवी बाहेर काढा

घरातील सर्व गोळ्या, मलमे, थेंब, आयुर्वेदिक काढे, वजन कमी करण्याच्या पावडरी आणि झोपेच्या गोळ्या टेबलावर मांडून त्यांचे फोटो काढा. प्रत्येक औषध कोणत्या महिन्यात सुरू झाले ते लिहा आणि ती यादी वहीतील बदलांच्या तारखांशेजारी ठेवा. स्टेरॉइडमुळे माणूस अतिउत्साही, संतापी किंवा उदास होऊ शकतो. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांमुळे काहींना जुगाराचा, खरेदीचा किंवा कामवासनेचा अनावर नाद लागतो, आणि लाजेपायी ही गोष्ट डॉक्टरांना कोणी सांगत नाही. फीटसाठीच्या लेव्हेटिरासिटॅममुळे काही रुग्णांची चिडचिड वाढते. दारूचे प्रमाणही याच यादीत, खरेखुरे, लिहा.

संशय आला म्हणून औषध स्वतःहून बंद मात्र करू नका. स्टेरॉइड आणि फीटची औषधे एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. यादी घेऊन ज्यांनी औषध दिले त्यांच्याकडेच जा.

पायरी ४ : आधी फिजिशियन, आणि रक्ताच्या तपासण्या

थेट मोठ्या शहरात धावण्याची गरज नाही. तालुक्याच्या गावातील चांगल्या फिजिशियनकडून किंवा उपजिल्हा रुग्णालयातून पहिली फेरी पूर्ण होते. आमच्या अनुभवावरून, पुढील तपासण्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे: रक्ताची संपूर्ण गणना, साखर, सोडियम आणि पोटॅशियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, थायरॉईडसाठी टीएसएच, बी-१२, लघवीची तपासणी, आणि एचआयव्ही व सिफिलिससाठीच्या चाचण्या. शेवटच्या दोन चाचण्या ऐकून घरातील मोठी माणसे दुखावतात. मीही दुखावलो होतो. परंतु हे दोन्ही आजार मेंदूवर परिणाम करतात आणि दोन्हींवर उपचार आहेत, त्यामुळे त्या सांगणारे डॉक्टर काळजीपूर्वक काम करत आहेत असे समजा. रुग्ण तरुण असेल, हात थरथरत असतील किंवा काविळीचा इतिहास असेल तर विल्सनच्या आजाराची, म्हणजे शरीरात तांबे साचण्याची, तपासणी होते. त्यात डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू शकते.

बी-१२ विषयी दोन गोष्टी. शाकाहारी घरांमध्ये आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ही कमतरता पुष्कळ आढळते, म्हणून तपासणी टाळू नका, आणि रक्त देण्याआधी बी-१२ चे इंजेक्शन घेऊ नका. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की लाल इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर असा क्रम सर्रास चालतो, आणि मग अहवाल चांगला येऊन खरे कारण झाकले जाते.

दुसरी गोष्ट आमच्यावर बेतली. तिचे बी-१२ खरोखरच कमी निघाले. कारण सापडले म्हणून आम्ही आनंदाने इंजेक्शने दिली, पातळी वर आली, वागणे तसूभरही सुधारले नाही, तरीही औषधाला वेळ द्यावा म्हणून आम्ही सात महिने वाट पाहिली. एक अहवाल बिघडलेला निघाला म्हणजे तोच दोषी असे नसते. उपचार सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: सुधारणा कधीपर्यंत दिसावी, आणि न दिसल्यास पुढे काय? त्यांनी सांगितलेली तारीख वहीत लिहा आणि ती पाळा.

पायरी ५ : ज्याला आजार मान्य नाही त्याला न्यायचे कसे

या आजारात आपण बदललो आहोत हे रुग्णाला जाणवत नाही. तो हट्ट नसतो. स्वतःकडे पाहण्याचे काम करणारा भागच दुखावलेला असतो. 'तुझे वागणे तपासून घेऊ' असे म्हटल्यावर ती उठून देवळाच्या फेरीला निघून गेली आणि पुढचे दोन महिने दवाखान्याचे नाव काढू देईना. शेवटी आम्ही तिच्या गुडघेदुखीचे निमित्त केले. गुडघे खरोखरच दुखत होते, आणि आम्ही फिजिशियनना आधी भेटून सारे सांगून ठेवले होते. मेंदुविकारतज्ज्ञांकडे जाताना मी माझीही वेळ घेतली, आधी मी तपासून घेतले आणि मग ती बसली. तिच्यापासून काही दडवले याचे मला आजही वाईट वाटते, पण खोटे न बोलता खऱ्या दुखण्याचा आधार घेणे हा मला सापडलेला सर्वांत कमी बोचणारा मार्ग होता.

वाद घालून, सर्वांसमोर चुका मोजून किंवा मुलांच्या शपथा घालून काही साधत नाही. सकाळची वेळ घ्या, भूक लागण्याआधी परत येता येईल असे पाहा, आणि जिच्याशी तिचे पटते अशी एकच व्यक्ती सोबत न्या. आम्ही पहिल्यांदा पाच जण गेलो होतो, ती बावरली.

याच टप्प्यावर कोणीतरी बाहेरची बाधा, करणी, देवऋषी हा विषय काढेल. आमच्याकडेही काढला गेला. देवदर्शनाने कोणाच्या मनाला आधार मिळत असेल तर त्याला माझा विरोध नाही. परंतु बाधा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे किंवा मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मेंदूच्या रुग्णाला तशा मारहाणीतून झालेली इजा मूळ आजाराहून लवकर घात करू शकते.

पायरी ६ : मेंदुविकारतज्ज्ञांची पहिली भेट

मोठ्या रुग्णालयात गर्दीच्या वेळी तुम्हाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतील, आणि त्या पंधरा मिनिटांत रुग्ण अगदी शहाण्यासारखा वागेल. तिच्यासमोर तिच्या चुकांचा पाढा वाचणे क्रूर आहे, आणि ती सारे नाकारेल. म्हणून एका पानाचे पत्र लिहा आणि रुग्ण आत जाण्याआधी ते डॉक्टरांच्या हाती पोहोचवा. पत्रात पहिल्या ओळीत वय, शिक्षण आणि व्यवसाय. मग बदल कधी सुरू झाला. मग वहीतील सर्वांत बोलके पाच प्रसंग. आणि शेवटी नेमका प्रश्न: 'या बदलामागे मेंदूचा किंवा शरीराचा आजार आहे का?' हे पत्र नेल्यावर डॉक्टरांनी आम्हाला वेगळ्या खोलीत बसवून चाळीस मिनिटे दिली.

सोबत न्यायचे:

- नोंदवही आणि ते एक पानी पत्र, दोन प्रतींत
- औषधांची तारखांसह यादी
- आतापर्यंतचे सर्व अहवाल, तारखेनुसार लावलेले
- पूर्वीच्या स्कॅनचे फिल्म किंवा सीडी. नुसता कागदी अहवाल पुरेसा नाही
- आधार कार्ड, आरोग्य विम्याचे किंवा योजनेचे कार्ड, शिधापत्रिका
- नात्यातील आजारांची माहिती
- जुना आणि अलीकडचा एखादा छोटा व्हिडिओ, ज्यात बोलणे व चालणे दिसेल

नात्यातील आजारांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण या आजाराचे काही प्रकार आनुवंशिक असतात. 'कुटुंबात कोणाला डिमेन्शिया होता का' असे विचारल्यास गावाकडचे प्रत्येक जण नाही म्हणेल. 'कोणाचे म्हातारपणी डोके फिरले होते का, कोणी घर सोडून जात असे का, कोणाच्या हातापायांतली ताकद जाऊन गिळता येईनासे झाले होते का' असे विचारा. पत्नीच्या मावशीविषयीची माहिती आम्हाला या तिसऱ्या प्रश्नातून मिळाली. स्नायूंची ताकद घालवणारा मोटर न्यूरॉन आजार आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया एकाच घराण्यात, कधी एकाच माणसात, आढळतात.

पायरी ७ : स्कॅन

एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना घरीच काढून ठेवा. पेसमेकर किंवा शरीरातील धातूची पट्टी असेल तर आधी सांगा. रुग्ण स्थिर पडून राहणार नसेल तर गुंगीचे औषध द्यावे लागते, त्यासाठी उपाशीपोटी यावे लागते. हे वेळ घेतानाच विचारले नाही म्हणून आमची एक फेरी वाया गेली.

तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'वागणुकीतील बदल, पुढच्या व बाजूच्या भागांची झीज आहे का' असे स्पष्ट लिहून घ्या. आमच्या पहिल्या स्कॅनच्या चिठ्ठीवर केवळ 'डोकेदुखी' होते आणि अहवालात 'वयोमानानुसार बदल' असे आले. बावन्न वर्षांच्या बाईला! दीड वर्षाने मिरजेच्या डॉक्टरांनी तीच सीडी स्वतः उघडून पाहिली आणि उजव्या बाजूची झीज तेव्हाही दिसत होती असे दाखवले. काही वेळा एमआरआय स्पष्ट बोलत नाही. तेव्हा मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो हे दाखवणारा पेट स्कॅन सुचवला जातो. तो महाग असतो, म्हणून त्याने उपचार बदलणार आहेत का, हे आधी विचारून घ्या.

पायरी ८ : मानसोपचारतज्ज्ञांना टाळू नका

शारीरिक कारण शोधणे म्हणजे मानसिक आजाराला कमी लेखणे नव्हे. उदासीनता आणि उन्मादाचे आजारही तितकेच खरे असतात आणि उपचारांनी सुधारतात. मात्र पन्नाशीपर्यंत असा कोणताही त्रास नसलेल्या माणसात पहिल्यांदाच असा बदल दिसला, सोबत चालण्यात, बोलण्यात किंवा लघवीवरील ताब्यात फरक पडला, तर मेंदूची तपासणी झाल्याशिवाय थांबू नये. पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालणे, लघवी न थांबणे आणि मंदावलेली बुद्धी हे त्रिकूट दिसले तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घेतली जाते, आणि योग्य रुग्णात नळी बसवून त्यावर उपाय होतो.

आमच्याकडे दोन्ही तज्ज्ञ एकत्र काम करतात. विसरण्याच्या आजारावरील प्रचलित गोळ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सहसा उपयोगी पडत नाहीत आणि काहींची अस्वस्थता वाढवतात. आमच्याकडे ती वाढली, आणि मानसोपचारतज्ज्ञांनीच ते ओळखून गोळी बदलली. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, बंगळुरूचे निमहान्स या सरकारी संस्थांमध्ये अशा रुग्णांची तपासणी होते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

पायरी ९ : पैसा, सही आणि नोकरी

ही पायरी निदानाची वाट न पाहता सुरू करा. विवेक सुटलेला माणूस ओळखी-अनोळखी कोणालाही पैसे देतो. आमच्या घरातून फोनवरून गोड बोलणाऱ्या एका व्यक्तीकडे दोन लाख दहा हजार रुपये गेले.

बँकेतील आयुष्यामुळे मला हे ठाऊक असायला हवे होते: आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान सुटले की ते पत्र कायद्याने संपुष्टात येते. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. भान टिकून आहे तोवर खाती 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात' या पद्धतीने संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, एटीएम आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा खाली आणा, आणि मृत्युपत्र करायचे असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह आत्ताच करा. पुढे मालमत्तेचा प्रश्न आलाच तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो; त्यासाठी वकील लागतो आणि वेळही लागतो.

नोकरीबद्दल माझी मोठी चूक होता होता राहिली. शाळेतून तक्रारी येऊ लागल्यावर मी तिच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून ठेवला होता. तिच्या सहकारी बाईंनी मला थांबवले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. तेच वेतन ठेवून दुसरे काम द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. म्हणून राजीनामा लिहू नका, माणसाला लिहू देऊ नका. आधी वैद्यकीय रजा, मग स्वावलंबन संकेतस्थळावर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज, मग जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळासमोर तपासणी, आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर कार्यालयाला लेखी पत्र, असा क्रम ठेवा. प्रत्येक पत्राची पोच घ्या.

पायरी १० : घर नव्याने मांडा

डॉक्टर औषधे देतील, पण चोवीस तास घरातच काढायचे असतात. आम्ही किराणा दुकानदाराकडे आगाऊ रक्कम ठेवली आहे. ती जे उचलते ते तो त्याच्या वहीत मांडतो आणि तिला कोणी चोर म्हणत नाही. गूळ आणि साखर कुलपात असते. देवळाच्या फेऱ्या आम्ही थांबवल्या नाहीत, त्यांच्या वेळा ठरवल्या आणि कोणीतरी सोबत जाते. माझ्या खिशात छापलेली छोटी कार्डे असतात: 'माझ्या पत्नीला मेंदूचा आजार आहे. त्यांचे बोलणे मनावर घेऊ नका, कृपया सांभाळून घ्या.' बसमध्ये ते कार्ड पुढे केले की कपाळावरच्या आठ्या लगेच मावळतात. २०२३ मध्ये अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांना हाच आजार असल्याचे जाहीर केल्यापासून समजावणे थोडे सोपे झाले आहे.

घरातील मुलांना आजाराचे नाव लवकर सांगा. माझ्या मुलीला तीन वर्षे वाटत होते की आईची माया आटली. परीक्षेत पहिली आल्याचे तिने सांगितले तेव्हा आईने जेवायला काय आहे असे विचारले होते. ज्या दिवशी डॉक्टरांनी स्कॅनवरील तो झिजलेला भाग तिला बोटाने दाखवला आणि दुसऱ्याचे सुख-दुःख येथे उमटते असे सांगितले, त्या दिवशी ती खूप रडली, आणि त्यानंतर तिने आईवर आवाज चढवल्याचे मी ऐकलेले नाही.

दर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना आता आम्ही तीन प्रश्नांची उत्तरे लिहून नेतो: पाणी पिताना ठसका लागतो का, हातातून भांडी सुटतात का, आणि गेल्या भेटीपासून ती किती वेळा पडली. ठसका सुरू झाला की जेवण मऊ व पातळ-घट्ट यांचा मेळ साधून द्यावे लागते, आणि ते कसे द्यायचे हे बोलण्याच्या व गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांकडून ठसका वाढण्याआधीच शिकून घ्यावे. आमची त्यांच्याकडची वेळ पुढच्या सोमवारी, सकाळी साडेनऊची आहे.